कोयनेहून नांदायला, चालत

माझ्या लग्नात नवरदेव मांडवातून पळाला, असं मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आले. ते खरं नाही. पण रागात माणूस थोडं वाढवून सांगतंच, आणि माझा राग तसा टिकाऊ आहे. झालं होतं असं, की कोयनानगरला धरणाच्या कॉलनीत आमचं लग्न लागलं, पंगती उठल्या आणि संध्याकाळी तार आली. फौजेतली नोकरी. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. आमचे हे हळदीच्या अंगानं तसेच कऱ्हाडच्या गाडीत बसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी मला सासरी नेलं ते सासऱ्यांनी, रुखवताच्या टेम्पोतून. एका बाजूला ड्रायव्हर, मधे मी, खिडकीशी सासरे. कडेगावजवळच्या आमच्या गावी पोचलो, तर लक्ष्मीपूजनाला माझ्या शेजारच्या पाटावर नवऱ्याच्या जागी त्यांचा फेटा ठेवलेला. उंबऱ्यावरचं तांदळाचं माप मी ओलांडलं तेव्हाही माझ्या शेजारी फेटाच होता. सासूबाईंनी तो दोन्ही हातांत धरला होता.

पुढच्या रजेला हे घरी आले, तेव्हा मी चार दिवस तोंडातून शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी वैतागून म्हणाले, "एवढं काय त्यात? एकदा तुला तुझ्या माहेरातनं मी सोता आणतो. चालत आणतो, मग तर झालं?"

बोलून मोकळे झाले. पण मी ते वाक्य गाठीला बांधलं. पुढं पोरगा झाला, घर बांधलं, उसाला पाणी पाजलं, मी शाळेत शिकवायला लागले. हे कधी काश्मीर, कधी आसाम, वर्षाला दोन महिने घरी. भांडण कशावरूनही होवो, आमटीतल्या मिठावरून होवो, शेवटी मी तिथंच यायची. "चालत आणणार होता मला. आणलंत?" हे गप्प बसायचे. पेन्शनीत आल्यावरसुद्धा गप्पच बसायचे.

परवाच्या साली मी रिटायर झाले. शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल-नारळ मिळाला. तो नारळ हातात घेऊन घरी आले आणि यांना म्हणाले, "आणा आता."

"काय आणू?"

"मला. कोयनेतनं. चालत."

आधी हसले. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसायचे थांबले. त्याच संध्याकाळी वहीचा कागद फाडून त्यांनी 'ऑर्डर' लिहायला घेतली. रोज किती चालायचं, मुक्काम कुठं, दर तासाला दहा मिनिटं रेस्ट. पाच दिवसांची वाट. माणूस साठीच्या पुढचा, सुभेदार म्हणून निवृत्त, पण कागदावर रेघ अशी सरळ मारली की मला हसू फुटलं.

साताऱ्याला असलेल्या पोराला मात्र काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "या वयात? वेड लागलंय का?" म्हणून त्यानं सगळं मोडलं असतं. मामाकडं आठ दिवस जातोय, एवढंच त्याच्या कानावर घातलं. मामाकडं गेलोच होतो, त्यामुळं खोटं काही नव्हतं. निघायच्या दिवशी पहाटे कोयनेत भांडी जराशी वाजली. तिथं भूकंपाला कुणी उठून बसत नाही. भाऊ कूस वळून परत घोरायला लागला. वहिनीनं ओटी भरली आणि माझं कालच लग्न झाल्यासारखी ती रडली. मीही रडले. हे दारात बूट घालून घड्याळ बघत उभे.

पहिला दिवस नुसत्या भुरभुरीत गेला. पाटणला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पावसानं आम्हाला गाठलं.

काय पाऊस म्हणता! कोयनेचा पाऊस मला नवा नाही, पण तो मी लहानपणी छपराखालून बघितलेला. त्याच्या आत शिरून चालायची पहिलीच वेळ. डोंगरावरच्या पवनचक्क्या सकाळी दिसत होत्या, त्या नऊ वाजेपर्यंत गडप झाल्या. पोरानं मोठ्या हौसेनं घेऊन दिलेला रेनकोट काखेत टरकन फाटला. मग यांनी एका शेतकऱ्याकडून खताचं रिकामं पोतं मागून घेतलं, एक कोपरा दुसऱ्यात खुपसून झकास खोळ केली आणि माझ्या डोक्यावर चढवली. म्हणाले, "आता कशी दिसतीयास!"

"कशी?"

"शेतात भांगलणीला निघालेली."

मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या! आणि कुणी बघितलं नाही, कारण बघायला रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. त्या क्षणी मला जे सुख झालं ते सांगता येत नाही. ना सासू, ना शाळेची घंटा, ना रजा संपायची तारीख. भातखाचरं तुडुंब भरलेली, बेडकांचा आरडाओरडा, बुटात पाणी पचपचतंय आणि शेजारी हा माणूस, माझाच, पुरा पाच दिवस! मी मोठ्यांदा कविता म्हणायला लागले, पोरांना शिकवायच्या त्या. हेही तालात पाय टाकायला लागले.

अधूनमधून गाड्या थांबायच्या. आपल्याकडं पावसात माणूस चालताना दिसला आणि गाडीवाला तसाच पुढं गेला, असं होत नाही. दुधाचा पिकअप थांबला. एसटीवाल्यानं थांबा नसताना गाडी थांबवली. "बसा की! कुठं जायाचं?" "न्हाई, चालतच जायाचंय," म्हटलं की त्यांची तोंडं उतरायची. एकानं तर "आमची गाडी घाण हाय व्हय?" असं विचारलं आणि रागानं चिखल उडवत गेला.

अकराच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, की आमचे हे फारच निसर्ग बघायला लागलेत. "थांब जरा. बघ, नदीला काय पाणी हाय!" दहा पावलं झाली की, "त्यो डोंगर बघ." जन्मात या माणसानं डोंगराकडं वर चढायची जागा यापलीकडं बघितलेलं नाही. मी त्यांना पुढं चालायला लावलं आणि मागून बघितलं. उजवा पाय ओढत होते.

"गुडघा दाखवा."

"काय झालं न्हाई."

"पॅन्ट वर करा म्हटलं ना!"

केली. गुडघा टम्म सुजलेला. खोटं कशाला बोलू, पहिला विचार गुडघ्याचा आलाच नाही. पहिला विचार आला, की संपलं. यंदाही राहिलं. बत्तीस वर्षांनी निघालो आणि पाटणच्या पुढं दहा किलोमीटरवर संपलं. मग माझी मलाच लाज वाटली. मी त्यांचा हात खांद्यावर घेतला आणि समोर दिसणाऱ्या पहिल्या घराकडं वळले.

रस्त्याकडेचं पत्र्याचं घर. पुढच्या पडवीत बांगड्यांचं दुकान. गिऱ्हाईक यायची शक्यता नाही अशा पावसात एक म्हातारी गादीवर बसून काचेच्या बांगड्या दोऱ्यात ओवत होती. तिला सगळं गाव चाची म्हणतं, हे नंतर कळलं. आम्हाला बघताच तिनं सुनेला हाक मारली, पाणी तापवायला सांगितलं आणि मग विचारपूस सुरू केली.

"कुठनं आला?"

"कोयनेतनं," हे म्हणाले.

"कशानं?"

"चालत."

"आन् निघालाय कुठं?"

"कडेगावच्या बाजूला."

चाचीनं यांच्याकडं बघितलं, मग माझ्या खताच्या पोत्याकडं, मग आमच्या दोन सॅकांकडं. "पोरंबाळं?"

"एक पोरगा हाय. साताऱ्यात असतुया. झ्याक चाललंय त्याचं. फ्लॅट हाय, गाडी हाय."

"आन् तुमी पावसात चालताय."

"व्हय."

चाचीनं हातातल्या बांगड्या खाली ठेवल्या. मग सुनेला म्हणाली, "च्यात दूध जास्त घाल गं." तिचा आवाज बदलला होता. मला वाटलं, गारठ्यानं.

यांना तिच्या पोराची चौकड्याची लुंगी मिळाली. सुभेदारसाहेब लुंगीत, पाय घमेल्यातल्या गरम पाण्यात, मागच्या पडवीला. मी आत सुनेचा फुलाफुलांचा गाऊन अंगात घालत होते. माझा फोन पुढं दुकानातल्या फळीवर चार्जिंगला लावलेला. तो वाजला. थांबला. परत वाजला. आणि चाचीनं उचलला.

"हालो? ... व्हय, हितंच हायत. जित्ती हायत, तुला काय त्याचं? ... मी कोन ते इचारू नगंस, तू कोन ते सांग. ... पोरगा? आरं, पोरगा म्हणून घ्यायला लाज न्हाई वाटत? बाचा गुडघा भोपळ्यावानी सुजलाय, आई खताचं पोतं पांघरून फिरतीया, आन् तू फ्लॅटात बसून फोन करतुयास? गाडी कशाला घेतलीस रं, मिरवायला?"

माझं डोकं गाऊनच्या बाहीत अडकलेलं. मी आतूनच ओरडले, "चाची, आवं, तसं न्हाई!" पण पत्र्यावरच्या पावसात कोण ऐकतं! चाचीनं त्याला गावाचं नाव सांगितलं, "आईच्या दुधाची चाड असंल तर ये," असं बजावलं आणि फोन ठेवला. मी बाहेर येऊन लावायला गेले, तर रेंज गेलेली.

मग मी तिला मागच्या पडवीत, यांच्यासमोर नेऊन समजावायला बसले. "चाची, पोरगा गुणाचा हाय. आमाला कुणी काढलं न्हाई. आमी मनानं चालतोय."

चाचीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आईचं काळीज बाई. पोराला पाठीशी घालनारच तू."

"आवं खरंच!"

"मग चालताय कशापायी?"

मी यांच्याकडं बघितलं. सांगायचं तर ते यांनी सांगायला हवं होतं. बत्तीस वर्षं मीच बोलत होते. यांनी घमेल्यात बघितलं आणि म्हणाले, "असंच."

"असंच कोन चालतंय व्हय, ह्या पावसात?"

झालं. तासाभरात बातमी गावभर. शेजारचा एक रिटायर फौजी छत्री घेऊन आला, यांना कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "सुभेदारसाब, फौजी पोराची तक्रार करत न्हाई, ते म्हाईत हाय आमाला. तुमी गप बसा. आमी बोलतो त्याच्याशी." आणखी चौघं-पाचजण जमली. जो येईल तो आमच्याकडं बघून चुकचुकायचा. सुनेनं कांदाभजी तळली. मी एकीकडं हसू दाबत होते, एकीकडं पोराच्या काळजीनं जीव वरखाली होत होता, आणि भजी मात्र खात होते. गरम होती.

चारच्या सुमाराला गाडी आली. पोरगा ऑफिसच्या कपड्यांत, चिखलात बूट बुडवत पळतच आला. दारात थबकला. आई फुलाफुलांच्या गाऊनमध्ये. बाप लुंगीत, गुडघ्याला हळदीचा लेप. भोवती सात-आठ माणसं त्याच्याकडं डोळे वटारून बघताहेत.

"आई, तू मामाकडं होतीस ना?"

"बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. "मामाकडं धाडून दिलं हुतं!"

चाचीनं तोंड सोडलं. फौजीनं तिला साथ दिली. पोरगा आधी गोंधळला, मग लाल झाला, मग त्याचे डोळे भरले. लहानपणी न केलेल्या चुकीचा मार बसला की व्हायचा तसाच चेहरा झाला. "आई, मी काय केलं?" त्यानं एवढंच विचारलं.

आणि आमचे हे उठले. गुडघा धरून, लुंगी सावरत.

"थांबा!"

परेडवरचा आवाज. पाऊससुद्धा दचकला असेल. सगळी गप्प झाली.

"पोराचा काय दोष न्हाई. दोष माझा हाय." मग जरा अडखळले. "लग्नादिवशी मी हिला मांडवात सोडून गेलो. नोकरी हुती, सांगायला कारण हाय. पन हिला आमच्या बानं टेम्पोतनं घरी नेली. माझ्या जागी फेटा ठिवला. त्यो फेटा नंतर मला हिच्या पेटीत गावला. तळाला, घडी घालून. त्यावर हळदीचं डाग हुतं. मला काय बोलावं सुचंना, म्हणून म्हणलं, चालत आणतो तुला. चेष्टेवारी न्हेलं. हिला वाटतंय मी इसारलो. एक दिस इसारलो न्हाई." लुंगीची गाठ घट्ट केली. "आता आणतोय."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी भज्याची ताटली हातात घेऊन तशीच उभी. त्यांनी फेटा बघितलाय, हे मला माहीतच नव्हतं. बत्तीस वर्षं मी या माणसाला टोमणे मारले आणि यानं एकदाही तोंड उघडलं नाही. मग आठ परक्या माणसांसमोर, लुंगीवर, सगळं एका दमात बोलून टाकलं. मला रडू आवरेना. पदर शोधायला गेले, तर अंगात गाऊन.

"या अल्ला!" चाचीनं कपाळावर हात मारला. "आन् मी ह्या लेकराला काय काय बोलले!" तिनं पोराचे दोन्ही गाल धरले, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली, आणि मग जो हशा उठला तो उठला. फौजी सगळ्यात मोठ्यांदा हसला आणि उरलेली भजी त्यानंच संपवली.

पोरानं डोळे पुसले आणि लगेच कामाला लागला. "बरं, झालं ना आता? पप्पा, गाडीत बसा. हा गुडघा घेऊन चालत नाही जायचं."

मला पटलं. मनापासून पटलं. मी यांना म्हणाले, "बसूया. आवं, तुमी बोललात त्यात माझं सगळं आलं. माझा राग गेला. बसा गाडीत."

"तुझा गेला असंल," हे म्हणाले. "माझं आणायचं ऱ्हायलंय."

"आन् गुडघा?"

"दोन दिस राव्हा हितं," चाची मधेच म्हणाली. "गुडघा कुठं पळून चाललाय? उतरंल सूज. मग जावा चालत." मग तिनं माझा हात हातात घेतला आणि दचकली. वाटेत फुटतील म्हणून बांगड्या मी भावाकडंच काढून ठेवल्या होत्या. मनगटात नुसतं घड्याळ होतं. "अगं बया! माहेरातनं नांदायला निघालीस आन् हात असं?"

गादीवर बसवून तिनं हिरव्या बांगड्यांचा डबा उघडला. एक एक बांगडी चढवताना माझी बोटं दाबत होती, तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, दुवाच असावी. हे बाजूला बसून बघत होते. त्यांच्या समोर माझे हात कधी भरले गेले नव्हते, लग्नाचा चुडासुद्धा आदल्या दिवशीचा. शेवटची बांगडी चढली तेव्हा म्हणाले, "लय शोभतंय." बस्स, तेवढंच. पण त्या वयात मी लाजले, आणि पोरानं ते बघितलं.

आमच्या सॅका गाडीत टाकून पोरगा संध्याकाळी गेला. जाताना म्हणाला, "पोचल्यावर फोन कर. तू स्वतः कर. चाचीला लावू नकोस."

दोन दिवस आम्ही तिथं राहिलो. तिसऱ्या सकाळी चाचीनं यांच्या हातात एक काठी दिली. फौजी माणूस काठी घेईना. मी डोळे मोठे केले, मग घेतली. पुढचा सगळा रस्ता आम्ही ऑर्डरचा कागद फेकून चाललो. पाय दुखला की थांबायचं. कऱ्हाड मागं पडलं, सुर्लीच्या घाटात तर एका चढाला चारदा बसलो. पाऊस होताच मागं. आमच्या बाजूला तो यंदा यायचा राहिलेला, त्यामुळं आम्ही भिजत गावात शिरलो तेव्हा लोक आम्हाला बघून खूश झाले की ढगांना, ते समजलं नाही.

अंगणात आलो. मी कुलूप काढलं आणि पाय आत टाकणार, तर हे म्हणाले, "थांब हितं."

मला बाहेर उभी करून आत गेले. डबे आपटल्याचा आवाज आला. मी ओरडले, "काय शोधताय? तांदूळ खालच्या फडताळात!" मग पेटीची कडी वाजली. मग बराच वेळ काहीच नाही. मी पावसात उभी, हातात हिरव्या बांगड्या.

बाहेर आले ते डोक्याला तो फेटा बांधून. घड्यांवर विरलेला, एका बाजूला कललेला, हळदीचे डाग तसेच. हातात त्यांचा फौजेतला जुना मग, काठोकाठ तांदळानं भरलेला. काठी भिंतीला टेकवली, एक पाय लांब करून कसेबसे वाकले आणि तो मग उंबऱ्यावर ठेवला. मग माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"ओलांड."

मी सवयीनं भांडले. "सगळं सांडंल. गोळा कोण करनार?"

"मी."

"गुडघा वाकतोय का?"

"वाकवतो की."

मी अंगठ्यानं मग लवंडला. तांदूळ पार आतल्या चुलीच्या खोलीपर्यंत गेला. त्यांनी खरंच गोळा केला, दाणा न् दाणा, पाय लांब करून, फेटा सावरत, अर्धा तास. मी हात लावला नाही. नवी नवरी कुठं पहिल्याच दिवशी काम करते?